अकराव्या पट्ट्याचा तोल

मैदानावर ज्याला सगळे ओळंबा म्हणत, त्याचे खरे नाव पगारपत्रकाखेरीज कुठेही शिल्लक उरले नव्हते. वडील गवंडी होते. भिंत सरळ उभी आहे की नाही हे पाहायचे त्यांचे दोरीला बांधलेले पितळी वजन, म्हणजेच ओळंबा, मुलाच्या उजव्या खिशात कायम असे. भिंत बांधायची वेळ त्याच्यावर कधी आली नाही. पण एखादा उतार दिसला की तो काठी रोवायचा, तिच्या टोकावरून दोरी सोडायचा आणि जमीन नेमकी किती झुकली आहे ते डोळे बारीक करून बघत राहायचा. बोलणेही त्या वजनासारखेच सरळ खाली पडणारे होते. कोणाच्या पायावर पडेल याची फिकीर त्याने केली नाही आणि म्हणूनच सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्याला बढती मिळाली नाही.

तो गोल्फच्या मैदानाचा निगराणीप्रमुख होता. शेतीशास्त्राची पदविका आणि भूमापनाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेल्या माणसाने आयुष्यभर गवत कापावे, ही गोष्ट त्याच्या साडूला विनोदी वाटे. ओळंब्याला वाटत नसे. गवत कापणे म्हणजे काय हे कळायला पहिला वर्गही अपुरा पडतो, असे त्याचे स्पष्ट मत होते.

मैदानावर अठरा पट्टे होते. पट्टा म्हणजे पहिला फटका मारायच्या सपाट चौथऱ्यापासून, ज्याला टी म्हणतात, थेट झेंडा रोवलेल्या होलपर्यंतची जमीन. होलभोवतीचे अगदी बारीक कापलेले गवत म्हणजे ग्रीन. रोज सकाळी मैदान उघडण्याआधी प्रत्येक ग्रीनवर जाऊन जुना होल बुजवायचा आणि नवी जागा निवडून गोल पात्याच्या हत्याराने तिथे दुसरा पाडायचा, हे काम तो स्वतःच करी. इतरांवर सोपवत नसे. नकाशा काढणारा एकदाच नकाशा काढतो आणि पुढच्या गावी जातो. होलची जागा ठरवणारा रोज सकाळी नवा नकाशा काढतो, हे त्याने व्यवस्थापन समितीला लिहिलेल्या सतरा पत्रांपैकी निदान पाच पत्रांत नमूद केले होते. पत्रांची पोच मिळाली होती. उत्तर एकाचेही आले नव्हते.

त्या वर्षी समितीला अकराव्या पट्ट्याने पछाडले.

अकरावा पट्टा उजवीकडे वळणारा, तीनशे दहा मीटरांचा, चार फटक्यांत संपवावा असा होता. वळणाच्या आत उंच झाडी होती. पूर्वी तिला वळसा घालून, एक लांब आणि एक नाजूक असे दोन फटके मारून लोक ग्रीनवर पोचत. पण अलीकडे मैदानावर एक दाताचा डॉक्टर येऊ लागला होता. वय तिशीचे, खांदे पैलवानाचे, हसणे शाळकरी पोराचे. त्याला सगळे घण म्हणत. तो झाडीला वळसाच घालत नसे. झाडीवरून असा काही फटका हाणी की चेंडू सरळ ग्रीनवर उतरून बसे. मग त्याचे बघून आणखी चौघांनी तेच सुरू केले. झाडीचे, वळणाचे, नाजूक दुसऱ्या फटक्याचे प्रयोजनच संपले. बळी तो कान पिळी.

अध्यक्षांनी आयुष्यभर पाण्याचे पंप बनवले होते. अडचण आली की मोठा पंप बसवायचा, हे त्यांचे तत्त्वज्ञान. त्यांनी बाहेरून एक रंगीत आराखडा मागवला आणि सभेच्या टेबलावर पसरला. टी साठ मीटर मागे, नाल्यापलीकडच्या टेकाडावर न्यायची. टेकाड कापायचे. वर वाळूचे तीन नवे खड्डे, म्हणजे बंकर. खोदकाम येत्या मंगळवारी नाही, त्याच्या पुढच्या मंगळवारी सुरू.

“आता मारू दे घणाला!” अध्यक्ष टेबलावर थाप मारून म्हणाले. “साठ मीटर लांब! पोचतो का बघू.”

“तो पोचेल, साहेब,” ओळंबा म्हणाला. “आज नाही तर दोन वर्षांनी. बाई पोचणार नाहीत.”

बाई समोरच बसल्या होत्या. निवृत्त गणितशिक्षिका, वय अडुसष्ट. त्यांचा फटका कधी दीडशे मीटरांपुढे गेला नव्हता आणि कधी रेषेबाहेरही गेला नव्हता. समितीत त्यांना सदस्य म्हणून घेतले होते, बहुधा चहाच्या वेळी मधली शांतता कोणीतरी भरावी म्हणून.

“नव्या टीवरून मला आधी नालाच ओलांडता येत नाही,” बाई शांतपणे म्हणाल्या. “म्हणजे जो लांब मारतो त्याला थांबवायला तुम्ही जी लांब मारतच नाही तिलाच बाहेर काढताय. या पद्धतीने मी वर्गात कोणाला नापास केलं असतं तर पालक घरी आले असते.”

“बाई, तुमच्यासाठी पुढे एक छोटी टी ठेवू की.”

“मला छोटी टी नको. मला चांगला पट्टा हवाय.”

यावर अध्यक्ष हसले, आणि ते हसणे ओळंब्याला सहन झाले नाही. सव्वीस वर्षे त्याने हेच हसणे वेगवेगळ्या अध्यक्षांच्या तोंडावर पाहिले होते. तो उभा राहिला.

“साहेब, नाचता येईना अंगण वाकडं, तसं चाललंय हे. कुदळीचा एक घाव न घालता हा पट्टा घणाला थांबवून दाखवतो. मंगळवारच्या आधीच्या रविवारी त्याला तीन चेंडू द्या. तीनांतला एक जरी त्याने पहिल्या फटक्यात ग्रीनवर थांबवून दाखवला, तर मी राजीनामा देतो आणि तुम्ही टेकाड कापा.”

“आणि नाही थांबवला तर?”

“आराखडा रद्द. आणि मैदानाचं काय करायचं ते यापुढे मैदानावर ठरेल.”

अध्यक्षांनी डोळे मिचकावले. “ठीक आहे, ओळंबे. घोडामैदान जवळच आहे. अकरा दिवस.”

बाहेर व्हरांड्यात येईपर्यंत ओळंब्याला एक गोष्ट पुरती उमगली होती. घणाला कसे थांबवायचे, याची त्याला सुतराम कल्पना नव्हती.

बायको शर्टांच्या कारखान्यात कापडाचे नमुने कापायची. घरी आल्यावर तिने सगळे ऐकून घेतले, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाली, “म्हणजे नोकरी लावलीत पणाला.”

“तत्त्वाचा प्रश्न होता.”

“तत्त्व दर महिन्याला भाजी आणतं का, ते सांगा आधी.” ती हसली. मग गंभीर झाली. “पण तुमचे साहेब चुकतायत हे खरं. अहो, माणूस जाड झाला म्हणून कोणी शर्टाची लांबी वाढवतं का? गुडघ्यापर्यंत येईल शर्ट, तरी पोटावर बटण लागणार नाही. कुठे तटतंय ते आधी बघावं लागतं.”

“कुठे तटतंय ते मला ठाऊक आहे. घणाच्या खांद्यात.”

“खांदा त्याचा. शर्ट तुमचा. तुम्ही शर्ट बघा.”

दुसऱ्या दिवशी दुपारी, अवजारांच्या खोलीतल्या पत्र्याच्या टेबलाशी बसून तो अठरावे पत्र लिहू लागला. मनात नोंदी तयार होत्या. घणाचा चेंडू ग्रीनवर जिथे पडे तिथे अंगठा आत जाईल एवढा खळगा पडे. असे खळगे ओळंबा रोज सकाळी दुमुखी चिमट्याने उचलून सारखे करी आणि त्यांची खोलीही टिपून ठेवी. तो लिहीत होता, “उपरोक्त खळग्यांची खोली ही आधुनिक खेळाडूंच्या राक्षसी बळाचा निर्विवाद पुरावा होय.”

‘होय’ लिहून त्याचा हात थांबला.

राक्षसी बळाने चेंडू लांब जातो. पण पडल्यावर रुततो तो जमिनीमुळे. टणक जमिनीवर एवढ्या उंचीवरून आलेला चेंडू उसळला असता, धावला असता, आणि ग्रीनच्या मागे निघून गेला असता. झाडीवरून हाणलेला चेंडू जागच्या जागी बसतो, कारण त्याला बसायला कोणीतरी गादी घातली आहे. कोणी?

त्याने पाण्याची वही काढली. अकरावा पट्टा, ग्रीनची पुढची तोटी. आठ वर्षांपूर्वीपर्यंत रोज दहा मिनिटे. मग वीस. मग, चार वर्षांपूर्वीपासून, चाळीस. प्रत्येक वाढीखाली सही होती आणि सही त्याची होती.

त्याला सगळे आठवले. अध्यक्षांनी नवा पंप भेट दिला तेव्हा एका पाहुण्याने अकराव्या ग्रीनवर उभे राहून म्हटले होते की हे गवत नव्हे, मखमल आहे. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्याच्या गवताचे कौतुक केले होते. ती मखमल टिकवण्यासाठी तो तोटी उघडत गेला. सतरा पत्रांत त्याने समितीला, पाहुण्यांना, चेंडू बनवणाऱ्यांना, स्टिक बनवणाऱ्यांना आणि एकूणच ढासळत्या काळाला जबाबदार धरले होते. गादी मात्र त्याने स्वतः घातली होती. आपलेच दात, आपलेच ओठ.

शरम वाटली, हे खरे. पण शरमेच्या खालून हळूहळू दुसरेच काहीतरी वर येऊ लागले. चूक आपल्या हातची असेल तर दुरुस्तीही आपल्या हातची. समितीची परवानगी लागत नाही. त्याने अठरावे पत्र चुरगाळले, उठला आणि अकराव्याची तोटी बंद केली.

मग तो ग्रीनच्या मागे गेला. तिथे गुडघाभर उंच गवत होते, जोरात आलेला चेंडू अडवण्यासाठी राखलेले. त्याने काठी रोवली, दोरी सोडली. ग्रीन मागच्या बाजूला झुकलेले होते, हे त्याला माहीत होते. पण उंच गवताखालची जमीन त्याहून तीव्र झुकत एका बशीसारख्या खोलगट जागेत उतरत होती, हे त्यालाही विसरायला झाले होते. उंच गवत म्हणजे घणाच्या चेंडूला लावलेली उशी! पुढे गादी, मागे उशी. असल्या थाटात कोणीही झोपेल.

त्याने यंत्र आणले आणि मागचा सगळा उतार, पार खोलगट जागेपर्यंत, ग्रीनच्या आजूबाजूला कापतात तितका बारीक कापून काढला. कुदळ कुठेही लावली नाही. पुढचे दहा दिवस तो झारीने फक्त मुळांपुरते पाणी देत राहिला आणि रोज सकाळी टाच दाबून जमीन पाहत राहिला. पाचव्या दिवशी टाच आत गेली नाही. आठव्या दिवशी चेंडू हातातून सोडला तर घोट्याएवढा उसळला.

नवव्या दिवशी अध्यक्ष आले. ग्रीन बघून त्यांचा चेहरा गवतापेक्षा पिवळा झाला.

“ओळंबे! हे काय? गवत मेलं!”

“मेलं नाही, साहेब. त्याने फक्त खाणं कमी केलंय.”

“पंप बिघडलाय का? माझा पंप बिघडणं शक्य नाही!”

“पंप ठणठणीत आहे. तोच तर त्रास आहे.”

“लोक काय म्हणतील? गोल्फचं मैदान हिरवं असतं!”

“साहेब, रविवारपर्यंत माझं मैदान आहे. सोमवारी तुमचं झालं तर हवं तेवढं हिरवं करा. रंगाचे डबे मिळतात.”

अध्यक्ष तरातरा निघून गेले. ओळंबा झारी घेऊन पुन्हा वाकला.

रविवारी सकाळी टीभोवती तीसचाळीस माणसे जमली. टी उंचावर होती, त्यामुळे तिथून झाडीच्या शेंड्यांवरून ग्रीन दिसे. त्याआधीच ओळंब्याने ग्रीनवर जाऊन होलची जागा निवडली होती. ग्रीनच्या डाव्या पुढच्या कोपऱ्यात, एका बारक्या उंचवट्याच्या लगेच मागे. डावीकडून, म्हणजे वळसा घालून येणाऱ्याला होल उघडा दिसत होता आणि जमीनच चेंडू हाताला धरून तिकडे नेत होती. मागच्या खोलगट जागेतून मात्र फक्त झेंड्याचे टोक दिसत होते. गोल पाते दाबून मातीचा गोळा बाहेर काढताना त्याचा हात जराही हलला नाही. जमीन त्याला कळत होती. बाकीच्या कोणाला कळते की नाही हा त्यांचा प्रश्न होता.

घण आला, तोच हसत. “काका, तुमची नोकरी घालवायला मला बरं वाटत नाही हं. पण मुद्दाम वाईट मारणार नाही.”

“मुद्दाम वाईट मारलंस तर तुझ्याकडून दात काढून घेणार नाही,” ओळंबा म्हणाला. “जेवढं बळ आहे तेवढं लाव.”

घणाने ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब स्टिक, काढली आणि हाणला. आवाज असा की झाडीतले पक्षी उठले. चेंडू झाडीवरून गेला आणि बरोबर ग्रीनवर, पुढच्या भागात पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष ओळंब्याकडे वळले.

पण चेंडू उसळला. मग पुन्हा उसळला, धावत सुटला, ग्रीनच्या मागच्या कडेवर क्षणभर विचार केल्यासारखा रेंगाळला आणि सावकाश, अगदी ऐटीत, उतारावरून खोलगट जागेत उतरला. टाळ्या अर्ध्यावरच थांबल्या.

दुसरा चेंडू आणखी उंच मारला, तरी तोही त्याच वाटेने गेला. तिसरा घणाने संतापून मारला. संतापाचा फटका सर्वात लांब जातो. तो हवेतच ग्रीन ओलांडून थेट खोलगट जागेच्या तळाशी पडला.

“एकही थांबला नाही,” बाई मोठ्याने म्हणाल्या, वर्गात उत्तर जाहीर करावे तशा. “पैज संपली.”

“पण खेळ संपू दे की!” घण म्हणाला आणि खाली धावला; मागोमाग सगळे ग्रीनकडे गेले. खोलगट जागेतून त्याने एक चेंडू वर मारला; तो उंचवट्याला लागून परत त्याच्या पायाशी आला. पुन्हा मारला, ग्रीन ओलांडून पुढे उतरला. सहा फटके झाले. तोवर बाई आपल्या एका चेंडूने वळसा घालत, दीडशे, मग एकशे वीस मीटर असे बिनघाईने पुढे आल्या होत्या. त्यांचा तिसरा फटका डावीकडून जमिनीलगत घरंगळत आला, उताराने त्याला अलगद वळवले आणि होलपासून दोन पावलांवर सोडले. एक हलका धक्का. चार.

घण त्या दोन पावलांकडे बघत राहिला. मग टीवर परतला. या वेळी त्याने ड्रायव्हर पिशवीत घातली आणि मधली स्टिक घेतली. वळसा घालून, झाडीच्या डावीकडे चेंडू ठेवला. दुसरा फटका मंद, जपून, उंचवट्याच्या अलीकडे टाकलेला. चेंडू होलशेजारी थांबला. तिसऱ्यात आत.

“बघा!” अध्यक्ष ओरडले. “तीन! पट्टा पुन्हा जिंकलाच त्याने! काय उपयोग झाला तुमच्या पिवळ्या गवताचा?”

“साहेब, त्याने जिंकू नये असं कोणी म्हटलं?” ओळंबा म्हणाला. “दीडशे मीटर मारणाऱ्यापेक्षा तो पुढे राहणारच. राहावाच. ताकद काही गुन्हा नाही. पण आज तीन मारायला त्याला आधी ठरवावं लागलं की किती ताकद वापरायची नाही. तेवढाच प्रश्न पट्ट्याने विचारायचा असतो. तुमचं टेकाड त्याला तो प्रश्न विचारणार नव्हतं. आणखी जोरात मार, एवढंच सांगणार होतं.”

“काका, खरं सांगू?” घण म्हणाला. “दोन वर्षं इथे खेळतोय. हा पट्टा आज पहिल्यांदा खेळलो.”

अध्यक्ष हरले होते. पण हरलेला माणूस शेवटी हिशेब मागतोच. “मग एवढं सोपं होतं तर इतकी वर्षं का नाही केलंत? सतरा पत्रं लिहिलीत. एकातही पाण्याचा उल्लेख नाही.”

सगळे ओळंब्याकडे पाहू लागले. बोट दाखवायला जागा भरपूर होती. पंप समोरच्या माणसाने दिला होता आणि हिरवेपणाचा आग्रहही त्याचाच होता. तीसचाळीस साक्षीदारांसमोर तेवढे एक वाक्य म्हणायची संधी सव्वीस वर्षांत पहिल्यांदा चालून आली होती.

“कारण तोटी मी उघडली होती,” तो म्हणाला. “दहाची चाळीस मिनिटं माझ्या सहीने झाली. गवत छान दिसतंय म्हटलं कोणीतरी, आणि मी चेंडूचा आवाज ऐकायचा सोडला. चूक माझी. पण ती मलाच सापडली, म्हणून अठराही पट्ट्यांचं पाणी आजपासून मी ठरवणार. आराखडा रद्द करायचं तेवढं आजच लिहून द्या.”

अध्यक्षांनी घणाच्या पिशवीतून ड्रायव्हर ओढली आणि टीवर जाऊन उभे राहिले.

“साहेब, लहान स्टिक घ्या,” पिशवी घेऊन पाठोपाठ आलेला घण म्हणाला.

“तू गप्प बस.”

वयाच्या मानाने फटका खणखणीत बसला. झाडी ओलांडणे शक्यच नव्हते. चेंडू वळणावर पडला आणि टणक जमिनीवरून अनपेक्षित लांब धावला. दुसरा फटका त्यांनी सगळा जोर लावून ग्रीनकडे हाणला. चेंडू उसळला, ग्रीन पार करून मागे दिसेनासा झाला. अध्यक्ष मागोमाग गेले. पाचएक मिनिटे खोलगट जागेतून फक्त त्यांची टोपी आणि अधूनमधून वर येऊन परत जाणारा चेंडू दिसत होता.

“ओळंबे!” खालून आवाज आला. “हा खड्डा आधी नव्हता इथे!”

“होता, साहेब. गवताखाली होता.”

शेवटी ते वर आले. लालबुंद, शर्ट बाहेर, आणि डोळ्यांत ओळंब्याने कधी न पाहिलेली चमक. आठ फटके झाले होते. त्यांनी खिशातून रुमालाऐवजी फोन काढला आणि खोदकामवाल्याला मंगळवारीच काय, कधीच येऊ नका, असे जरा चढ्या आवाजात सांगितले. मग घणाकडे हात पसरला.

“दुसरा चेंडू दे. आणि ती मधली स्टिक.”